हप्ता किती, आणि एकूण किती?

(मंडळाच्या जून 2025 मधील मासिक सभेत केलेले भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



माईकसमोर उभं राहायची मला सवय नाही. मंडळात माझं काम म्हणजे मांडवाची मापं काढणं, विजेच्या तारा ओढणं आणि विसर्जनाच्या दिवशी ट्रकच्या मागे चालणं. आपल्या सचिवांनी मला सांगितलं, "तुमच्या गाडीची ती गोष्ट एकदा सगळ्यांना सांगा." मी म्हटलं, अहो, त्यात सांगण्यासारखं काय आहे, नुसती फजिती आहे. तर ते म्हणाले, "म्हणूनच सांगा. दिवाळीपर्यंत आपल्यातल्या आठ-दहा घरांत तरी नवी गाडी येईल." तेव्हा फजिती सांगायलाच उभा राहिलो आहे. हसू आलं तर मोकळेपणानं हसा.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी राज्य सरकारच्या बांधकाम खात्यात उपयंत्री आहे. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, आणि एकवीस वर्षांची नोकरी. माझं काम काय, तर ठेकेदारानं केलेलं काम टेप लावून मोजायचं, एम.बी.मध्ये म्हणजे माप पुस्तिकेत लिहायचं आणि मगच बिलावर सही करायची. नालीची खोली पाच सेंटीमीटर कमी भरली तर मी बिल थांबवतो. त्यावरून लोकांशी भांडणंही झाली आहेत. हे एवढ्यासाठी सांगतो, की असल्या माणसानं गेल्या धनत्रयोदशीला एका संध्याकाळी एक्केचाळीस सह्या केल्या आणि त्यातला एकही कागद वाचला नाही.

आता पैसे कुठून आले ते सांगतो, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

माझे बाबा गिरणीत होते. कुठल्या, ते इंदूरकरांना सांगायला नको. डिसेंबर 1991 मध्ये गिरणी बंद पडली तेव्हा मी सातवीत होतो. त्यानंतर बाबांनी क्लॉथ मार्केटमध्ये एका दुकानात हिशेब लिहून घर चालवलं. पण कामगारांचे अडकलेले पैसे मिळतील ही आशा त्यांनी सोडली नाही. सभा असली की जायचे, फॉर्म भरायचे, तारीख पडली की विचारायला जायचे. घरात एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात गिरणीचं ओळखपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, फंडाच्या पावत्या, सगळं वर्षांप्रमाणे बांधून ठेवलेलं. आम्ही भावंडं चेष्टा करायचो, "बाबा, ही रद्दी आता विका." ते म्हणायचे, "कागद आहे तोवर आपण आहोत."

डिसेंबर 2023 मध्ये, म्हणजे बत्तीस वर्षांनी, तो निकाल लागला. पुढे काही महिन्यांनी बाबांच्या खात्यात 3 लाख 40 हजार रुपये जमा झाले. त्यांच्या बरोबरचे कितीतरी लोक तोवर गेले होते, त्यांच्या वारसांना पैसे मिळाले. बाबांचे कागद मात्र एका दमात पास झाले. काहीही कमी नव्हतं.

एक दिवस जेवताना बाबा म्हणाले, "आईला आता स्कूटरवर बसता येत नाही. गुडघ्याच्या डॉक्टरकडे जाताना रिक्षा मिळत नाही. हे पैसे घे आणि गाडी आण." मी म्हटलं, तुमचे पैसे तुमच्या नावावर राहू देत. तर म्हणाले, "मी नावावर ठेवून काय करू? तिला नीट बसता येईल अशी आण."

म्हणून मी शोरूममध्ये गेलो. कुठलं शोरूम, ते सांगत नाही, कारण हे एकाच ठिकाणी होतं असं नाही. तिथला मुलगा फार गोड बोलणारा. थंड पाणी दिलं, आईबाबांची चौकशी केली. मग त्यानं पहिला प्रश्न विचारला, "सर, आप तो बस इतना बताइए, महीने का कितना जमेगा?"

मंडळी, सगळी गोम या एका प्रश्नात आहे. मी विचार केला, घरखर्च, मुलीची फी, आईची औषधं जाऊन अकरा हजार जमतील. तसं सांगितलं. आणि तिथेच खेळ संपला. कारण त्यानंतर त्यानं जे जे जोडलं ते सगळं अकरा हजारांत बसवून दाखवलं. बसत नसेल तर वर्ष वाढवायचं. पाचाची सहा, सहाची सात. मला दर वेळी एकच आकडा दिसत होता, हप्ता. आणि तो अकरा हजारांच्या आतच होता, म्हणून मी खूश.

माझा पगार ज्या बँकेत जमा होतो तिथे मी आधी विचारून आलो होतो. 9.2 टक्के व्याज, चार-पाच दिवस लागतील, असं ते म्हणाले होते. शोरूममधला मुलगा हसून म्हणाला, "सर, बैंक के चक्कर में धनतेरस निकल जाएगी. हमारे यहाँ साढ़े पाँच परसेंट है, और आज ही पास." आता सांगा, एकीकडे सव्वानऊ आणि दुसरीकडे साडेपाच! मला वाटलं, आपण बाजी मारली. घरी येऊन सौ.ला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती म्हणाली, "अहो, बँकेपेक्षा स्वस्त कोणी का देईल?" मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही. (इथे ती बसली आहे, म्हणून हे कबूल करणं भाग आहे.)

29 ऑक्टोबर 2024, धनत्रयोदशी. आम्हाला संध्याकाळी साडेपाचची वेळ दिली होती. आई जरीची साडी नेसून आलेली, बाबांच्या हातात नारळ. हॉलमध्ये जत्रा भरलेली. चाळीस-पन्नास कुटुंबं, प्रत्येकाची गाडी फुलांनी सजवलेली, ढोल वाजतोय, पुठ्ठ्याची मोठी किल्ली हातात घेऊन फोटो चाललेत. आमचा नंबर आला आठ वाजता. आई तोवर प्लास्टिकच्या खुर्चीत अवघडून गेली होती. मला एका टेबलाशी बसवलं आणि एक जाड फाइल पुढे आली. "सर, यहाँ. यहाँ. और यहाँ." मी एकदा विचारलं, हे काय आहे? "फॉर्मॅलिटी है सर." मागे दोन कुटुंबं उभी. मुहूर्त टळतोय म्हणून आई सारखी माझ्याकडे बघतेय. मी सह्या करत गेलो.

शेवटी हिशेबाच्या कागदावर नजर गेली तेव्हा मला आठवलं, की पंचवीस हजारांची सूट सांगितली होती. ती कुठे? "एडजस्ट हो गया सर, एक्सेसरीज़ में." एवढ्या गर्दीत, आईवडिलांसमोर, सणाच्या दिवशी भांडायचं कसं? गप्प बसलो. रात्री साडेनऊला गाडी घेऊन निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी खजराण्याला गणपतीसमोर पूजा करून आणली. गाडी छान आहे, हेही सांगायला हवं. आई पुढच्या सीटवर आरामात बसते. गाडीत काही खोट नाही.

भाऊबीजेला माझी बहीण आली होती. जेवणं झाल्यावर बाबांनी सहज विचारलं, "एकूण किती द्यायचे?" मी म्हटलं, "10 हजार 717 चा हप्ता आहे." ते म्हणाले, "हप्ता नाही विचारला. एकूण किती?"

मला सांगता येईना.

बाबांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं गुणाकार मांडला. 10,717 गुणिले 84. उत्तर आलं 9 लाख 228. कर्ज साडेसहा लाखांचं. म्हणजे अडीच लाख रुपये नुसतं व्याज. बाबा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. मग एवढंच म्हणाले, "मला तीन लाख चाळीस हजार मिळायला बत्तीस वर्षं लागली." पुढे काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री मी फाइल उघडली आणि ऑफिसात एम.बी. तपासतो तशी एकेक ओळ तपासली. काय सापडलं ते क्रमानं सांगतो.

गाडीची शोरूम किंमत 8 लाख 20 हजार. रोड टॅक्स आणि नोंदणीचे 65 हजार 600. ती रक्कम सरकारी पावतीशी बरोबर जुळली, तिथे तक्रार नाही. मग विमा 46 हजार. त्याच गाडीचा, तेवढ्याच जोखमीचा विमा मी दुसऱ्या दिवशी बाहेर विचारला, तर 31 हजार सांगितले. मला सांगितलं होतं, की विमा आमच्याकडूनच घेतला तर कॅशलेस मिळतो. हे खरं नाही. कॅशलेस मिळणं हे विमा कंपनी आणि गॅरेज यांच्यातल्या करारावर असतं. विमा कुठूनही घेण्याचं स्वातंत्र्य ग्राहकाला आहे. नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सप्टेंबर 2018 पासून सक्तीचा आहे, पण तो अमक्याच दुकानातून घ्या अशी सक्ती नाही.

पुढे, वाढीव वॉरंटी 14 हजार. ती कदाचित कामाला येईल, पण मला कोणी विचारलं नव्हतं. एक्सेसरीज 22 हजार. त्यात सीटकव्हर, पायपुसणी, मडफ्लॅप आणि एक सुगंधी बाटली. फास्टॅगचे 600. आणि 'हँडलिंग' नावाचे साडेआठ हजार. गाडी मी हाताळायची आणि हँडलिंगही मीच द्यायचं!

हे सगळं मिळून 9 लाख 76 हजार 700. त्यातून बाबांचे 3 लाख 40 हजार वजा केले तर उरतात 6 लाख 36 हजार 700. पण कर्ज साडेसहा लाखांचं. मधले 13 हजार 300 कुठले? त्यात साडेतीन हजार प्रोसेसिंग फी आणि 9 हजार 800 चा कर्जदाराचा जीवनविमा. त्या विम्याच्या अर्जावर माझी सही होती, आणि असा विमा आपण घेतला हे मला पाच दिवसांनी कळलं.

आता ते साडेपाच टक्के. इथे जरा लक्ष द्या, विशेषतः तरुण मंडळींनी. व्याज दोन तऱ्हांनी मोजतात. बँक साधारणपणे उरलेल्या रकमेवर मोजते. आज सहा लाख देणं आहे तर सहा लाखांवर, उद्या दोन लाख उरले तर दोन लाखांवर. दुसरी तऱ्हा म्हणजे फ्लॅट, सपाट दर. त्यात सातव्या वर्षी तुमच्याकडे पन्नास-साठ हजारच देणं उरलं असलं तरी व्याज मोजलेलं असतं पूर्ण साडेसहा लाखांवर. सोपं करून सांगतो. शेजाऱ्याकडून बारा हजार उसने घेतले आणि दर महिन्याला हजार परत करत गेलात. शेवटच्या महिन्यात तुमच्या हातात त्याचे हजारच आहेत. पण तो म्हणतो, व्याज बारा हजारांवरच द्या. तुम्ही द्याल का? मी दिलं, आणि वर सही करून दिलं.

माझा साडेपाच टक्के सपाट दर बँकेच्या पद्धतीनं मोजला तर जवळजवळ 9.8 टक्के होतो. फी आणि तो विमा धरला तर साडेदहाच्या आसपास. म्हणजे 9.2 महाग म्हणून सोडलं आणि साडेदहा स्वस्त म्हणून घेतलं. सौ. बरोबर होती.

यात एक गोष्ट मला जास्त लागली. रिझर्व्ह बँकेचा एक नियम आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ कर्जांत, म्हणजे आपल्या घर-गाडीच्या कर्जांत, 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद द्यावाच लागतो. बँक असो की वित्त कंपनी. त्यात एकूण व्याज, सगळी फी, आणि सगळा खर्च धरून होणारा वार्षिक दर एका जागी लिहिलेला असतो. तो कर्ज घेणाऱ्याला समजेल अशा भाषेत द्यायचा असतो. आणि सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जात तो निदान तीन कामकाजाचे दिवस वैध ठेवायचा असतो, म्हणजे तुम्ही तो घरी नेऊन, वाचून, विचार करून हो किंवा नाही म्हणू शकता. माझ्या फाइलमध्ये तो कागद होता. अकराव्या पानावर, इंग्रजीत, माझ्या सहीसकट. नियमानं मला तीन दिवस दिले होते आणि मी तीन मिनिटं घेतली नाहीत.

मग मी लिहायला बसलो. सरकारी नोकरीत दुसरं काही आलं नाही तरी पत्र लिहिता येतं. शोरूमला लेखी विचारलं, हँडलिंगचे साडेआठ हजार कुठल्या नियमाखाली घेतले ते कळवावे. दोन आठवडे उत्तर नाही. मग दुसरं पत्र पाठवलं आणि त्यात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करत असल्याचं लिहिलं. तिसऱ्या दिवशी फोन आला, आणि ती रक्कम खात्यात परत आली. तो जीवनविमा स्वतंत्र पॉलिसीचा होता. पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, म्हणून परत केली. कापून-कुपून 9 हजार 140 मिळाले. एकूण 17 हजार 640 रुपये परत आले. बाकीचं गेलं, कारण बाकीच्याला माझी सही होती.

कर्ज फेडून बँकेत नेता येईल का, तेही पाहिलं. करारात पहिलं वर्ष बंद करायला मनाई, आणि नंतर उरलेल्या रकमेवर पाच टक्के दंड, वर जीएसटी. वर्षभरात मी 1 लाख 28 हजार भरलेले असतील, त्यातले मुद्दलात जातील फक्त 68 हजार. देणं राहील जवळजवळ 5 लाख 82 हजार, आणि दंडाचेच होतील 34 हजार. गणित केलं, फारसं हाती लागत नाही. म्हणून हप्ता चालू आहे.

आणि जे करायला हवं होतं तेही मांडून पाहिलं. नको असलेल्या वस्तू काढल्या असत्या, विमा बाहेरून घेतला असता, तर पावणेसहा लाखांचं कर्ज पुरलं असतं. बँकेच्या 9.2 टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायला हप्ता बसला असता सुमारे बारा हजार. म्हणजे महिन्याला तेराशे रुपये जास्त. आणि एकूण भरणा कमी किती? 1 लाख 80 हजारांनी. बाबांना गिरणीकडून जे मिळालं त्याच्या निम्म्याहून जास्त. मुहूर्त साधायची किंमत.

मी त्या मुलाला दोष देत नाही. त्यालाही महिन्याचा आकडा गाठायचा असतो. पण एम.बी.शिवाय ठेकेदाराचं बिल मी पास करत नाही, तर घरचं बिल असं कसं पास केलं? ऑफिसात पैसे सरकारचे असतात आणि विचारणारा वर बसलेला असतो, म्हणून आपण सावध असतो. घरच्या पैशाला विचारणारं कोणी नाही असं वाटतं. विचारणारे असतात, फक्त ते भाऊबीजेला विचारतात.

आता थोडक्यात, जे मी आता घरोघरी सांगत असतो. एक, "महिन्याला किती जमेल" याचं उत्तर शोरूममध्ये देऊ नका. आपण विचारायचं, एकूण किती? दोन, दर सपाट आहे की घटत्या रकमेवर, हे तोंडी नाही, लेखी घ्या. सपाट असेल तर पाच-सात वर्षांच्या कर्जाला पावणेदोनपटीहून थोडं जास्त समजा. तीन, सूट सांगितली तर ती कोटेशनच्या कागदावर लिहून घ्या. चार, गाडीचा सौदा आणि कर्जाचा सौदा वेगवेगळे करा, आधी आपल्या बँकेकडून मंजुरी घेऊन जा. पाच, सह्या सणाच्या दिवशी करू नका. कागद आधीच्या आठवड्यात घरी आणा, एक रात्र घरात राहू द्या, घरातल्या दुसऱ्या माणसाला वाचायला द्या. आणि एक राहिलं. शेवटचा हप्ता भरल्यावर ना-हरकत पत्र घेऊन आरटीओत नोंदणीपत्रावरचा कर्जाचा बोजा उतरवून घ्या. लोक ते विसरतात, आणि गाडी विकताना धावपळ होते.

गाडीची फाइल आता बाबांच्या पत्र्याच्या पेटीत आहे. त्यांनीच मागून घेतली. दर महिन्याला हप्त्याचा मेसेज आला की मी आकडा सांगतो आणि ते कागदावर मुद्दल किती उतरलं ते लिहितात. चिडून नाही, सवयीनं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मागच्या महिन्यात महागाई भत्त्याची थकबाकी मिळाली. करारात परवानगी मिळेल त्या दिवशी मुद्दलात भरण्यासाठी ती वेगळी ठेवली आहे. बाबांनी तेही पेन्सिलीनं लिहून ठेवलं आहे.

शेवटी समोर ही तसबीर आहे म्हणून आठवलं. व्यासांनी महाभारत सांगायचं आणि गणपतीनं लिहून घ्यायचं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. गणपतीची अट होती, की लेखणी थांबता कामा नये. व्यासांची अट होती, की अर्थ समजल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. आपण गणपतीची अट पाळतो, लेखणी थांबू देत नाही. यहाँ, यहाँ, और यहाँ. व्यासांची अट मात्र विसरतो. प्रत्यक्ष बुद्धीच्या देवतेनं जी अट मान्य केली, ती आपल्याला मानायला कमीपणा कसला?

पुढच्या दिवाळीत कोणाच्या घरी गाडी येणार असेल आणि कागद वाचायला सोबत हवी असेल, तर मला बोलवा. चष्मा आणि कॅल्क्युलेटर घेऊन येईन. फी एक कप चहा. त्याची पावती नको.

 गणपती बाप्पा मोरया!